फेरफाराची वही कोणाकडे?

30 मार्च 2009. शिकागोला पायकॉन, म्हणजे पायथन या संगणकभाषेचं वार्षिक संमेलन भरलं होतं. भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांनी त्या दिवशी सहकारी प्रोग्रामरांना एक छोटंसं पत्र पाठवलं. गिट, बाझार आणि मर्क्युरियल या तीन उमेदवारांतून मर्क्युरियलची निवड झाली होती. कारणं नीट मांडता येणार नाहीत, बरंचसं मनाचा कौल घेऊन ठरवलंय, आणि आणखी वर्षभर काथ्याकूट करण्यापेक्षा आज ठरवून टाकलेलं बरं, असा पत्राचा सूर होता. उन्हाळ्याआधी नव्या घरी जाऊ, अशी आशाही त्यात होती. प्रत्यक्षात बिऱ्हाड हलायला 5 मार्च 2011 उजाडला. आणि सहा वर्षं पुरी व्हायच्या आत, 10 फेब्रुवारी 2017 ला, ते पुन्हा हललं. या खेपेला ते गेलं गिटकडे, 2009 साली तिघांत सर्वांत नावडत्या ठरलेल्या उमेदवाराकडे.

भांडण होतं ते एका वहीवरून. शेती असणाऱ्याला ही वही वेगळी समजावून सांगावी लागत नाही. सातबाऱ्यावर जमीन आज कोणाच्या नावे आहे ते दिसतं. ती तशी कशी झाली हे पाहायचं तर गाव नमुना सहा, म्हणजे फेरफाराची नोंदवही उघडावी लागते. वारस लागले, खरेदीखत झालं, सोसायटीचा बोजा चढला, उतरला. प्रत्येक बदलाला नंबर आणि तारीख. नोंद धरायची तलाठ्यानं, प्रमाणित करायची मंडळ अधिकाऱ्यानं. सॉफ्टवेअरचा सोर्स कोडही असाच रोज बदलतो आणि त्याचीही फेरफाराची वही असते: कोणती ओळ कोणी, कधी, कशासाठी बदलली. या वहीला धंद्यात व्हर्जन कंट्रोल म्हणतात आणि तिच्यातल्या एका नोंदीला कमिट. एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर काम चालत असेल तर वही कुठल्या कपाटात ठेवायची हा किरकोळ प्रश्न आहे. पण ओपन सोर्समध्ये काम करणारे पन्नास देशांत विखुरलेले, बहुतेक बिनपगारी, एकमेकांना कधी न भेटलेले. तिथे दफ्तर कोणाच्या ताब्यात आणि त्यात लिहायची मुभा कोणाला, हे दोन प्रश्न सत्तेचे होतात.

सुरुवातीला दफ्तर एकच होतं आणि त्याला कुलूप होतं. 1972 साली बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं, 1982 च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिकी यांनी आरसीएस. दोन्हींचा रिवाज एक: फाइल बदलायची तर ती आपल्या नावावर कुलूपबंद करून घ्यायची, काम संपवून परत करेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं. किल्ली खिशात घालून कोणी सुट्टीवर गेला की सगळं अडलं.

ॲमस्टरडॅमच्या फ्राय विद्यापीठात 1984 मध्ये डिक ग्रून या प्राध्यापकांची नेमकी हीच अडचण झाली. दोन विद्यार्थ्यांबरोबर ते एक सी कंपायलर लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच नियमानं काम करणारा, दुसऱ्याची वेळ कधीच ठरलेली नाही, आणि स्वतः ग्रूनना फक्त संध्याकाळी सवड. कुलूप लावलं की तिघांपैकी दोघे बसून. मग ग्रूननी आरसीएसवर आपल्या स्क्रिप्टांचा एक थर चढवला: तिघांनी आपापली प्रत घ्यावी, हवं ते बदलावं, आणि परत आणताना दोघांचे बदल एकमेकांत मिसळावेत, टक्कर झाली तरच माणसानं लक्ष घालावं. तीन माणसांच्या वेळा जुळेनात म्हणून केलेली ही सोय म्हणजे सीव्हीएस. 1986 साली ग्रूननी ती जगाला वाटून टाकली, पुढे ब्रायन बर्लिनर यांनी ती सी भाषेत नव्यानं लिहिली, आणि 1990 चं दशक ओपन सोर्सनं जवळपास तिच्या जिवावर काढलं.

सीव्हीएसमध्ये दुखणी पुष्कळ होती. फाइलचं नाव बदललं की तिचा इतिहास तुटायचा. दहा फाइलींचा एकच बदल मध्येच वीज गेली तर अर्धा चढायचा, अर्धा राहायचा. 2004 मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेल्या सबव्हर्जननं ही दुखणी बरी केली, पण दफ्तर होतं तिथेच ठेवलं: एका सर्व्हरवर. लिहिण्याचा अधिकार, ज्याला कमिट ॲक्सेस म्हणत, तो मोजक्या लोकांना. बाहेरच्यानं पॅच, म्हणजे सुचवलेल्या बदलाची फाइल, तयार करून पाठवायचा आणि वाट पाहायची. पॅच पसंत पडला तर आतला कोणीतरी तो आपल्या नावानं वहीत चढवायचा. मूळ माणसाचा उल्लेख शेऱ्यात, जमलं तर. पायथनच्या कोडात ‘अ‍ॅक्स’ नावाची एक फाइल आहे, तिच्यात मदत केलेल्यांची नावं ओळीनं लिहिलेली असतात. लग्नपत्रिकेच्या तळाशी ‘आमच्या दादाच्या लग्नाला यायचं हं’च्या खाली पोरांची नावं यावीत तशी. आपुलकी खरी, पण मुख्य वहीत सही दुसऱ्याची.

नावापेक्षाही मोठा जाच कामाचा होता. आतल्या माणसाला आपलं काम टप्प्याटप्प्यानं नोंदवता येई, चुकलं तर मागे जाता येई. बाहेरच्याला महिनाभराचं काम एका ढिगात सांभाळावं लागे. ज्याला साधनाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते नाही. पायथनवाल्यांनी 2008-09 मध्ये तीन उमेदवारांची छाननी करणारा जो लांबलचक दस्तऐवज तयार केला, पेप 374, त्यात बदलाच्या कारणांमध्ये ही दुय्यम वागणूक स्पष्ट नोंदवली आहे.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची गोष्ट यापेक्षा चमत्कारिक. तिचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 पासून दहा वर्षं कुठलीच वही ठेवली नाही. लोक ईमेलनं पॅच पाठवत, ते आपल्या हातानं लावत आणि अधूनमधून सगळ्या कोडचं गाठोडं बांधून बाहेर ठेवत. सीव्हीएसचा त्यांना मनस्वी तिटकारा. त्यापेक्षा गाठोडी बरी, असं त्यांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. पण लिनक्स वाढला तसे पॅच हरवू लागले. लोक तोच पॅच पुनःपुन्हा पाठवत, आणि लिनस एकटे पुरे पडत नाहीत ही कुरकुर 1998 पासूनच उघड सुरू झाली. त्याच सुमारास लॅरी मॅकव्हॉय यांनी उपाय मांडला: दफ्तर एकच असायला नको, प्रत्येकाकडे संपूर्ण वही असू द्या आणि विश्वासातल्या माणसांच्या उतरंडीतून बदल वर चढू द्या. त्यांच्या कंपनीनं, बिटमूव्हरनं, त्या कल्पनेतून बिटकीपर घडवलं. फेब्रुवारी 2002 मध्ये टोरवाल्ड्सनी ते उचललं.

बिटकीपर चाललं छान. अडचण त्याच्या परवान्यात होती. लिनक्सवाल्यांना ते फुकट, पण कोड बंद, आणि फुकट वापरणाऱ्यानं त्याच्या स्पर्धेतलं साधन बनवायचं नाही ही अट. मुक्त सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा प्रकल्प दुसऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या हत्यारानं घडवायचा, हे अनेकांना पटेना. ॲलन कॉक्स यांच्यासारख्या ज्येष्ठांनी ते वापरलंच नाही. टोरवाल्ड्सची भूमिका कोरडी व्यवहाराची होती: काम होतंय ना?

तीन वर्षं होत राहिलं. मग अँड्र्यू ट्रिजेल यांनी बिटकीपरच्या सर्व्हरशी बोलणारा एक छोटा प्रोग्राम लिहायला घेतला. सांबा हे सॉफ्टवेअर त्यांचंच, म्हणजे दुसऱ्याच्या सर्व्हरची भाषा बाहेरून ऐकून शिकण्यात हा माणूस मुरलेला. बिटकीपर त्यांनी कधी वापरलं नव्हतं, त्यामुळे परवान्याची अट त्यांना लागू नव्हती. मॅकव्हॉय संतापले आणि एप्रिल 2005 मध्ये त्यांनी फुकट आवृत्ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात कॅनबेरातल्या परिषदेत ट्रिजेल यांनी व्यासपीठावर आपली ‘चोरी’ करून दाखवली. टेलनेट या जुन्या साध्या आज्ञेनं ते बिटकीपरच्या सर्व्हरला जोडले गेले. आता काय टाइप करू, असं त्यांनी श्रोत्यांना विचारलं. सभागृहातून आवाज आला: हेल्प! त्यांनी तेच टाइप केलं, आणि सर्व्हरनं इमानेइतबारे आपल्या सगळ्या आज्ञांची यादी समोर ठेवली. ज्या गुपितासाठी एवढं रामायण झालं ते विचारताक्षणी सांगितलं जात होतं.

टोरवाल्ड्स त्या वेळी ट्रिजेलवर चिडले होते, तरी नवी वही शोधणं भाग होतं. पर्यायांची पाहणी करताना ग्रेडन होर यांचं मोनोटोन त्यांना त्यातल्या त्यात बरं वाटलं. पण लिनक्सचं ओझं पाठीवर घेऊन ते धावेना. 3 एप्रिल 2005 ला त्यांनी स्वतःच लिहायला घेतलं आणि 7 एप्रिलला त्या नव्या साधनाचा स्वतःचा कोड त्यातच ठेवला गेला. चार दिवस! जून महिन्यात लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, 2.6.12 ही आवृत्ती त्यातूनच बाहेर पडली. जुलैत त्यांनी सूत्रं जुनिओ हामानो यांच्या हाती सोपवली आणि आपण कर्नलकडे वळले. नाव गिट: ब्रिटिश बोलीत एखाद्या तिरसट, नकोशा माणसाला म्हणतात तसं. आपण प्रकल्पांना स्वतःचंच नाव देतो, आधी लिनक्स आणि आता गिट, हा त्यावरचा टोरवाल्ड्स यांचा खुलासा.

त्याच एप्रिलमध्ये, त्याच पोकळीत, ओलिव्हिया मॅकॉल यांनी मर्क्युरियल सुरू केलं. बिटकीपरच्या वादावरच्या एका लेखात मॅकव्हॉय यांना ‘मर्क्युरियल’, म्हणजे क्षणात रंग बदलणारे, म्हटलेलं त्यांच्या वाचनात आलं आणि नाव सापडलं. आज्ञाही मग ‘एचजी’ अशी दोन अक्षरी: पाऱ्याचं रासायनिक चिन्ह. एका माणसाच्या एका निर्णयातून एका महिन्यात दोन साधनं जन्मली. तिसरं, बाझार, कॅनोनिकल या उबुंटूच्या कंपनीच्या आश्रयानं वाढत होतं.

या तिन्हींत वही सगळ्यांकडे असते, पण मग ती खोटी कोणी करत नाही कशावरून? गिटची एक नोंद उघडून पाहिली की उलगडा होतो. नोंदीत मोजक्या गोष्टी असतात: त्या क्षणी सगळ्या फाइली कशा होत्या त्याची खूण, आधीच्या नोंदीची खूण, लेखकाचं नाव आणि वेळ, नोंद चढवणाऱ्याचं नाव आणि वेळ, आणि शेरा. हा सगळा मजकूर एका गणिती चरकातून काढला की 40 अक्षरांची खूण बाहेर पडते, तीच त्या नोंदीचा नंबर. एक स्वल्पविराम बदलला तरी ही खूण पार बदलून जाते. आणि प्रत्येक नोंदीच्या पोटात आधीची खूण असल्यामुळे 2006 सालची नोंद कोणी गुपचूप खरवडली, तर तिच्या पुढच्या सगळ्या नोंदींचे नंबर बिघडतात आणि ज्यांच्याकडे प्रत आहे त्या सगळ्यांना ते कळतं. पान फाडून नवं चिकटवायची सोय नाही. लेखक वेगळा आणि चढवणारा वेगळा, हेही पाहण्यासारखं. बाहेरच्यानं पाठवलेला पॅच आतल्यानं लावला तरी लेखक म्हणून नाव बाहेरच्याचंच राहू शकतं.

आता शिकागोकडे. पायथनचं घर 2005 पासून सबव्हर्जनमध्ये होतं आणि 2008 च्या अखेरीस तिथे दाटी झाली होती. ऑक्टोबरमध्ये 2.6 आणि डिसेंबरमध्ये 3.0 बाहेर पडली. शिवाय दोन्हींच्या पुढच्या आवृत्त्यांचं काम चालू. म्हणजे चार फांद्या एकाच वेळी जिवंत. एक चूक दुरुस्त केली की ती चारही ठिकाणी न्यायची, आणि सबव्हर्जनला फांद्या जुळवायचं अंग बेताचं. पायथनच्या मूळ चमूतल्या ब्रेट कॅनन यांनी तुलना हाती घेतली. प्रत्येक साधनाचा पक्ष मांडायला त्यातला जाणकार. रोजच्या कामाचे प्रसंग ठरवून तेच प्रसंग तिघांत कसे पार पडतात हे लिहून काढलं. अशी परीक्षा घेणं सरळ शहाणपणाचं होतं, आणि आजही ते कागद वाचनीय आहेत.

गिट का नको, याची त्यांनी तीन कारणं दिली. विंडोजवर ते तेव्हा लंगडत होतं, आणि पायथनचे काही कारागीर विंडोजवरच काम करत. दुसरं, मूळ चमूची मतं घेतली तर गिट तिघांत सर्वांत कमी आवडतं निघालं, आणि फरक थोडाथोडका नव्हता. तिसरं, बाकी सगळं सारखं असेल तर पायथनमध्येच लिहिलेलं साधन वापरावं. मर्क्युरियल आणि बाझार दोन्ही मुख्यतः पायथनमधली, गिट सी आणि शेलमधलं. घरचाच गूळ असताना बाहेरून का आणा? मग त्या दोघांत मर्क्युरियलकडे लोकांचा ओढा जास्त होता.

एकही कारण खोटं नव्हतं. चूक कुठे असेल तर ती प्रश्नातच होती. तुलना साधनांची झाली. रिवाजाला कोणी हात लावला नाही. 2011 मध्ये मर्क्युरियल आलं, प्रत्येकाला पूर्ण वही मिळाली, विमानात बसून नोंदी करता येऊ लागल्या. पण बाहेरच्याचा पॅच पूर्वीसारखाच बग ट्रॅकरवर, म्हणजे चुका-तक्रारींच्या नोंदफलकावर, चिकटवायचा होता, आतल्यानं तो उतरवून आपल्या नावानं चढवायचा होता, शेऱ्यात ‘पॅच अमुकचा’ असं लिहायचं होतं. वही घरोघरी गेली, शिक्का त्याच टेबलावर राहिला.

दुसरीकडे 2008 मध्ये सुरू झालेल्या गिटहबनं नेमकी त्या टेबलाभोवतीची व्यवस्था बदलली होती. कोणाच्याही प्रकल्पाची प्रत एका बटणावर आपल्या खात्यात घ्यायची, बदल करायचा आणि मालकाकडे अर्ज टाकायचा: पुल रिक्वेस्ट. चर्चा त्या अर्जाखालीच, सगळ्यांसमोर. मंजूर झाला की लेखक म्हणून वहीत नाव त्याचंच. गिट शिकायला किचकट होतं आणि आजही आहे. पण कॉलेजातली मुलं गिटहबवर गिट शिकून येऊ लागली आणि पायथनकडे आल्यावर त्यांना मर्क्युरियल नव्यानं शिकावं लागू लागलं. जी परकी वाट म्हणून टाळली, तोच हमरस्ता झाला.

सर्वांत हट्टी निवड मात्र इमॅक्सची. ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचा हा जुना टेक्स्ट एडिटर डिसेंबर 2009 मध्ये सीव्हीएसमधून निघून बाझारमध्ये गेला. कारण ग्नूचे जनक रिचर्ड स्टॉलमन यांच्या दृष्टीनं साधं होतं: बाझार ग्नूच्या गोतावळ्यात आलं होतं आणि आपल्या माणसानं आपल्या माणसाला धरून राहावं. निष्ठा म्हणून हे समजण्याजोगं आहे, पण बाझारचा वेग मंदावत गेला आणि हळूहळू त्याच्याकडे लक्ष देणारेही पांगले. जानेवारी 2014 मध्ये ओपन सोर्सचे जुने पुरस्कर्ते एरिक रेमंड यांनी उघड सांगितलं की बाझार शेवटचे श्वास घेतंय, इमॅक्सनं निघावं. स्टॉलमन यांनीही मग फार ताणलं नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये इमॅक्स गिटवर आला. तीसएक वर्षांचा इतिहास उकरून, निवडून, नव्या वहीत रचायचं चिकट काम रेमंड यांनी केलं. त्यासाठी त्यांनी आपलं जे अवजार वापरलं त्याचं नावच ‘रिपोसर्जन’, वह्यांचा शल्यविशारद.

बाकीच्यांच्या कथा भराभर सांगण्यासारख्या. पर्लनं 2008 च्या अखेरीस गिट घेतलं, ग्नोमनं 2009 मध्ये. मोझिला आणि ओपनजेडीके यांनी मर्क्युरियल घेतलं आणि दोघांनी पुढे ते सोडायचं ठरवलं. मर्क्युरियलसाठीच जन्मलेल्या बिटबकेट या साइटनं 2020 मध्ये मर्क्युरियललाच दार बंद केलं. आणि ज्याच्या बंद कोडावरून महाभारत झालं ते बिटकीपर मे 2016 मध्ये खुलं झालं. तोवर त्याची कोणाला गरज उरली नव्हती.

पायथनमध्ये दुसरी निवड सुरू झाली तेव्हा वाद साधनाचा नव्हता, जागेचा होता. बॅरी वॉर्सा यांनी गिटहबसारख्याच गिटलॅबची बाजू मांडली: त्याची एक आवृत्ती खुली आहे, स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येते. डोनाल्ड स्टफ्ट यांनी गिटहबची. बंद कोडाच्या कंपनीच्या दारात मुक्त प्रकल्प न्यायचा का? 2002 मध्ये लिनक्सला छळणारा तोच प्रश्न वेष बदलून आला होता. 1 जानेवारी 2016 ला ब्रेट कॅनन यांनी गिटहबच्या बाजूनं निकाल दिला: लोक तिथे आहेत, त्यांना ते माहीत आहे, आणि गिडोंचा कलही तिकडे. जवळपास अडीच वर्षांनी, जून 2018 मध्ये, मायक्रोसॉफ्टनं गिटहब साडेसात अब्ज डॉलर्सना विकत घेत असल्याचं जाहीर केलं. बिटकीपरच्या वेळेपेक्षा फरक एवढाच की या वेळी वही खरोखर प्रत्येकाकडे होती. उद्या गाशा गुंडाळायचा झाला तर नोंदी सोबत नेता येणार होत्या. अर्जांखालच्या चर्चा आणि तक्रारींची नोंद मात्र वहीत नसते, ती राहते घरमालकाच्या सर्व्हरवर. 2022 मध्ये पायथनचा बग ट्रॅकरही तिथेच गेला.

आज कोणीही पायथनची वही उतरवून घेतली आणि तळापर्यंत गेलं, तर पहिली नोंद सापडते 9 ऑगस्ट 1990 ची, शेरा दोन शब्दांचा: ‘इनिशियल रिव्हिजन’. ती नोंद सीव्हीएसमधून सबव्हर्जनमध्ये, तिथून मर्क्युरियलमध्ये आणि मग गिटमध्ये आली आहे. वर येताना 2008-09 च्या थरात ‘अमुक क्रमांकाच्या नोंदी तमुक फांदीवरून आणल्या’ असे शेरे ढिगानं लागतात. ते क्रमांक सबव्हर्जनचे. गावात एकत्रीकरण होऊन गट नंबर पडले तरी आजोबांच्या खरेदीखतात जुना सर्व्हे नंबरच असतो आणि तो आताच्या उताऱ्यावर कुठे दिसत नाही, तसंच हे. एखादी जुनी दुरुस्ती शोधत आलेला नवा पोरगा तो पाच आकडी क्रमांक गिटला विचारतो, आणि असली नोंद आपल्याकडे नाही, असं गिट त्याला सांगतं.